वेगाचा कार्पेट एरिया

चारचौघांत आपली ऐपत सांगायची रीत दर पंधरा-वीस वर्षांनी बदलते. एके काळी घरात फोन आहे की नाही यावरून माणसाची पत ठरे. मग फ्लॅट किती स्क्वेअर फुटांचा, ही विचारणा सुरू झाली. हल्ली आमच्या डोंबिवलीत सोसायटीच्या गेटपाशी दोन मिनिटं उभं राहिलं की वेगळाच आकडा कानावर पडतो. "तुमच्याकडे कितीचं आहे?" "शंभरचं. तुमचं?" "आम्ही गेल्या महिन्यात तीनशेचं घेतलं." शंभरवाला गप्प होतो आणि पावसापाण्याचं बोलू लागतो. कशाचे शंभर आणि कशाचे तीनशे, हे दोघांनाही सांगता यायचं नाही. पण तीनशे शंभरापेक्षा मोठे, एवढं दोघांना कळतं. आणि त्याच रात्री साडेनऊला तीनशेवाल्यांच्या घरातून "अरे, परत गोल गोल फिरायला लागलं!" अशी आरोळी जिन्यापर्यंत ऐकू येते.

घरच्या इंटरनेटचा जाहिरातीतला वेग वेगळा आणि पदरात पडणारा वेग वेगळा, हे आता शेंबडं पोरही सांगेल. "सगळ्या कंपन्या चोर" असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण चोरी इतक्या शिस्तीत, इतकी वर्षं, इतक्या देशांत, पावती देऊन चालत नाही. मला यात बिल्डर दिसतो.

रेरा यायच्या आधी ज्यांनी फ्लॅट घेतला त्यांना हे समजावून सांगायला नको. साडेसहाशे फुटांचे पैसे मोजायचे, आणि आत जाऊन टेप लावली की साडेचारशे भरायचे. उरलेले दोनशे कुठे गेले, तर जिन्यात, लिफ्टपुढच्या मोकळ्या जागेत, भिंतींच्या जाडीत. बिल्डर खोटं बोलत नव्हता. ते दोनशे फूट खरोखरच होते. फक्त तिथे पलंग टाकता येत नव्हता. २०१६ साली रेरा कायदा झाला, २०१७ पासून महारेराचा कारभार सुरू झाला, आणि फ्लॅट कार्पेट एरियावरच विकायचा असं ठरलं. इंटरनेट मात्र अजून सुपर बिल्टअपनंच विकलं जातं. तीनशे असतात, नाही असं नाही. ते कुठे असतात, एवढंच शोधावं लागतं.

पहिली वजावट शाळेतल्या गणिताची. कंपनी बिट मोजते आणि संगणक फाइल उतरवताना बाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभराचं कनेक्शन अगदी तंतोतंत, मापात पाप न करता चाललं, तरी सिनेमा उतरताना पडद्यावर साडेबाराच दिसणार. या साडेबारावरून किती घरांत कंपनीला शिव्या घातल्या गेल्या असतील याची गणती नाही. आमच्या शेजारच्या आजोबांना त्यांच्या नातवानं हे आठाचं गणित सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मग बिलसुद्धा आठानं भागून पाठवा म्हणावं."

ही तक्रार काही आजची नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या कृपेनं. तेव्हाचा मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि मग जोडला गेला तर जायचा. पुढे छप्पनचे मोडेम आले. त्या छप्पनांतले छप्पन कोणाला कधी मिळाले नाहीत, कारण ते फोनच्या तांब्याच्या तारेतून यायचे आणि तारेला तिची स्वतःची खरखर होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात चव्वेचाळीस उमटले तरी घरात आनंदीआनंद व्हायचा. त्यात आतल्या खोलीतून कुणी रिसीव्हर उचलला, की चव्वेचाळीसही गेले आणि फोन उचलणाऱ्याशी असलेले संबंधही.

२००४ साली सरकारनं ब्रॉडबँड धोरण आणलं आणि ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं: कायम चालू असलेलं, किमान २५६ केबीपीएस. त्या वेगानं चार एमबीचं एक गाणं उतरायला दोन मिनिटं लागत, आणि ती दोन मिनिटं आम्ही कौतुकानं बघत बसायचो. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडला मर्यादा नसे. ज्या मुलांनी आजोबांचा पहाटे उठायचा आग्रह जन्मात जुमानला नव्हता, ती मुलं दोनचा गजर लावून उठू लागली. आता व्याख्या बदलली आहे. २०२३ पासून किमान दोन एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात. आणि आपल्याला तीनशे पुरत नाहीत.

दुसरी वजावट शेजाऱ्यांची. हिचा उगम डोंबिवलीत नाही, कोपनहेगनमध्ये आहे. तिथल्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे एक गणिती नोकरीला होते. गावातल्या प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र लाइन राखून ठेवायची तर कंपनी बुडेल. मग किती लाइनी ठेवल्या म्हणजे बहुतेकांना बहुतेक वेळा फोन लागेल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. सगळी माणसं एकदम फोन उचलत नाहीत, या साध्या गोष्टीला त्यांनी १९०९ साली गणितात बसवलं. तेव्हापासून जगातलं सगळं दळणवळण या एकाच विश्वासावर चाललंय की बाकीचे लोक आत्ता दुसरं काहीतरी करत असतील.

आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायनं २००९ साली घरगुती ब्रॉडबँडसाठी या वाटणीचं प्रमाण एकास पन्नास सांगितलं होतं. एकाला लागेल एवढी वाट, तिच्यावर पन्नास घरं. फायबर आल्यावर वाट मोठी झाली, पण वाटणी काही सुटली नाही. बऱ्याच ठिकाणी कंपनीकडून अडीच गीगाबिटची एक काच निघते आणि वाटेत कुठेतरी खांबावरच्या डब्यात तिच्या बत्तीस किंवा चौसष्ट फांद्या होतात. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी सगळं मागितलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात एकोणचाळीस. तीनशेचा आकडा खरा ठरायला बाकीच्यांतले बरेचसे जण लग्नाला गेलेले असावे लागतात.

दुपारी तीन वाजता ते खरोखर गेलेले असतात, कामावर. त्या वेळी मोजलं तर मला पुरेपूर तीनशे दिसतात. पण त्या वेळी घरात मी एकटी असते आणि मला झोप आलेली असते. रात्री नऊला सगळी डोंबिवली लोकलमधून उतरून, पाय धुऊन, ताट घेऊन पडद्यासमोर बसते. त्यात मुंबई-चेन्नई सामना असेल तर बघायलाच नको. मला तर हल्ली इंटरनेट मंदावलं की राग येण्याआधी एक समाधानही वाटतं: चला, सगळे सुखरूप घरी पोचले.

तिसरी वजावट सगळ्यांत मजेची. वेग मोजायचा तो कुठून कुठपर्यंत? ट्रायच्या २००६ च्या सेवादर्जाच्या नियमांत लिहिलं होतं की ग्राहकाला ठरलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त वेग मिळाला पाहिजे. वाचून बरं वाटतं. पण त्याच ओळीत पुढे होतं, कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत. नोड म्हणजे कंपनीचं आपल्या भागातलं ठाणं. त्या ठाण्यापासून तुमच्या दारापर्यंत काय येतं त्याचा जाब विचारा. ठाण्याच्या पलीकडे जग आहे, आणि जगाची हमी कोण देणार?

जगाचं म्हणणंही ऐकण्यासारखं असतं. वर्सोव्याला समुद्रातून केबली वर येतात आणि त्यांतून आपलं बरंचसं परदेशी बोलणं जातं-येतं. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबली तुटल्या आणि इकडे भारतभर लोक मोडेमला थापट्या मारत बसले. त्या दिवशी कंपनीच्या नोडपासून दारापर्यंत सगळं झकास चाललं होतं.

याच तत्त्वावर आमच्या नवऱ्याचा स्पीड टेस्टचा छंद उभा आहे. ही चाचणी आपण होऊन जवळचा सर्व्हर शोधते, आणि जवळचा म्हणजे पुष्कळदा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातला. म्हणजे कंपनीच्या दारातून आपल्या दारापर्यंत, आडवाटेला न जाता. नवरा ती चाचणी राउटरला जवळजवळ टेकून करतो. काटा सरसर वर चढतो, दोनशे पंचाण्णववर थांबतो, आणि तो चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा भाव घेऊन स्क्रीनशॉट काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. दिराचं उत्तर येतं, "आमच्याकडे तीनशे चार." मग आमच्याकडे जेवण शांततेत होतं. नेटफ्लिक्सनं २०१६ साली स्वतःची एक चाचणी काढली, ती त्यांच्याच सर्व्हरपासून मोजते. म्हणजे सिनेमा जिथून येतो तिथून. त्या चाचणीत आकडा कमी दिसला, तर नवरा म्हणतो, ही चाचणी बरोबर नाही.

चौथी वजावट घराच्या आत होते, आणि तिथे वाद सगळ्यांत मोठा. आमच्याकडे तक्रार केली की केबलवाल्याचा मुलगा येतो. वीस-बावीसचा, पाठीवर सॅक, शर्टाच्या खिशात पेनासारखा लाल लाइटचा दिवा. आधी तो लाइनच्या डबीवरचे दिवे बघतो. "लॉसचा लाल नाहीये, काकू. लाइन ओके आहे." तरी माझ्या समाधानासाठी वायर काढून मीटरला लावतो. मीटरवर उणे एकोणीस उमटतात. "बघा, उणे एकोणीस. मस्त आहे." जगात उणे एकोणीस मस्त असण्याची ही एकच जागा माझ्या माहितीत आहे. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की काळजी करायची, म्हणे. मग तो सॅकमधून लॅपटॉप काढतो, राउटरला थेट वायर जोडतो, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवतो.

"हे बघा, काकू. तीनशे एक."

"अरे, पण आतल्या खोलीत बावीसच येतात."

"ते वायफाय झालं, काकू."

"मग मी काय वापरू?"

"नाही, म्हणजे लाइन आमची. वायफाय तुमचं."

हे तो अजिबात उद्धटपणे म्हणत नाही. त्याची हद्द कुठे संपते ते त्याला पक्कं माहीत असतं, आणि माझी कुठे सुरू होते तेही. चहा घेऊन जाताना दारातून एवढंच म्हणतो, "राउटर तेवढा बाहेर काढा."

कारण राउटर असतो चपलांच्या कपाटात. अँटेना वर काढून बसलेलं ते काळं यंत्र हॉलमध्ये दिसायला बरं दिसत नाही, धूळ बसते, म्हणून सासूबाईंनी त्याच्यावर आधी क्रोशाचा रुमाल घातला आणि पुढे सगळा प्रपंचच कपाटात हलवला. तिथून निघालेल्या लहरींना आधी चपला, मग फळीचं दार, मग हॉलची भिंत, मग स्वयंपाकघराची टाइल लावलेली भिंत आणि शेवटी आतल्या खोलीचं लोखंडी कपाट, एवढं ओलांडून माझ्या टेबलापर्यंत यायचं असतं. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, आणि माझ्या फोनवर शेजाऱ्यांच्या वायफायांची यादी दोन बोटं सरकवली तरी संपत नाही. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण तो भिंतीपुढे लवकर हात टेकतो. राउटर जुना असेल आणि त्याची वायरीची भोकं शंभराचीच असतील, तर दाराशी तीनशे येऊन उभे राहिले तरी आत येतात पंचाण्णव. बाकीचे तिथेच ताटकळतात, आणि त्यांचे पैसे आपण महिन्याच्या महिन्याला भरतो.

म्हणजे हिशेब केला तर यात खोटारडा असा कुणीच सापडत नाही. कंपनी नोडपासून मोजते, केबलवाल्याचा मुलगा राउटरपर्यंत मोजतो, नवरा राउटरला टेकून मोजतो, आणि मी आतल्या खोलीतून. ज्याचं त्याचं माप आपापल्या हद्दीपुरतं चोख. मला जे हवं असतं ते मात्र या सगळ्या हद्दी ओलांडून येतं, आणि सबंध वाटेला मालक नाही.

बाहेरच्या देशांत यावर काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून नियम असा होता की जाहिरातीतला वेग निदान दहा टक्के ग्राहकांना मिळू शकला तरी तो छापायला हरकत नाही. म्हणजे नव्वद लोकांनी दहा जणांच्या भाग्याची जाहिरात वाचायची. लोकांनी बराच गलका केल्यावर मे २०१८ पासून तो बदलला: निदान निम्म्या ग्राहकांना, आणि तोही रात्री आठ ते दहाच्या गर्दीत मिळणारा वेगच छापायचा. ऑस्ट्रेलियातही संध्याकाळी सात ते अकरात साधारण किती मिळतो, तो आकडा सांगायची पद्धत पडली आहे. हे मला आवडलं. दुपारी तीनच्या निवांतपणाऐवजी माणसं घरी असतात तेव्हाचं माप. कार्पेट एरियाच्या बरंच जवळ जाणारं.

आता एक प्रश्न मी मनातल्या मनातच विचारते, कारण नवऱ्यासमोर विचारला तर वाद होतो. आपल्याला हे तीनशे हवेत कशाला? नेटफ्लिक्सच सांगतं, सर्वांत झकास, फोर-के चित्राला पंधरा एमबीपीएस पुरेत. नेहमीच्या एचडीला पाच. चार माणसांच्या घरात चौघांनी चार खोल्यांत चार सिनेमे लावले, तरी साठ. आणि आमच्या घरात चार खोल्या नाहीत.

जिथे खरं अडतं, तिथे हा आकडा कामाला येत नाही. एका सेकंदाला किती माल येतो ते तो सांगतो. पहिला दाणा यायला किती वेळ लागतो, त्याबद्दल त्याचं मौन असतं. मुलगी न्यू जर्सीला असते. रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. मुंबईपासून ते अंतर सरळ धरलं तरी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, आणि काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे माझा शब्द तिकडे जाऊन तिचा हुंकार परत यायला निसर्गालाच सेकंदाचा आठवा भाग लागतो. केबली समुद्रातून वळणं घेत जातात, मधे कितीतरी यंत्रं भेटतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. तीनशेचं घ्या की हजाराचं, त्यात फरक पडत नाही. मी म्हणते, "काय गं, जेवलीस का?" काहीच येत नाही, म्हणून पुन्हा म्हणते, "जेवलीस का?" तेवढ्यात पहिल्याचं उत्तर येतं, त्यावर माझा दुसरा प्रश्न चढतो, दोघी एकदम थांबतो, दोघी एकदम म्हणतो, "बोल, तू बोल." आणि मग दोघी गप्प. मुलगी लहान असताना माझं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय बोलत नसे, असं काही झालेलं नाही. आता नाइलाजानं ऐकते.

क्रिकेटचंही तेच. पडद्यावर गोलंदाज अजून मागे वळून चालत असतो आणि पलीकडच्या इमारतीतून "गेला!" असा ओरडा येतो, कारण तिथे डिशवर सामना चालू आहे. चित्र बांधून, तुकडे करून, साठवून आपल्याकडे पाठवायला जो वेळ जातो तो वेगानं भरून निघत नाही. तीनशे भरून विकेट शेजाऱ्याकडून कळते.

तरीही एखाद्या कंपनीनं उद्या धीर करून सरळ जाहिरात द्यावी असं मला फार वाटतं. मसुदा मी तयार ठेवला आहे. "आमचं कनेक्शन. दुपारी तीन वाजता, राउटरला वायर लावून: तीनशे. रात्री साडेनऊला, सामना चालू असताना, हॉलमध्ये: एकशे दहा. आतल्या खोलीत, दार लोटून: पंचवीस. राउटर चपलांच्या कपाटात असल्यास: देवाची मर्जी. पावसाळ्यात जेसीबीनं रस्ता खोदला त्या दिवशी: काही नाही, पत्ते काढावेत. परदेशातल्या मुलीशी बोलताना एक वाक्य संपेपर्यंत दुसरं सुरू करू नये."

ही जाहिरात वाचून नवरा काय करेल ते मला माहीत आहे. तो चष्मा पुसेल, पुन्हा वाचेल, "हे काही खरं दिसत नाही" म्हणेल, आणि ज्यांच्या पत्रकावर नुसतेच ठळक तीनशे छापलेत त्यांना फोन लावेल. सोसायटीतले बाकीचेही तेच करतील. प्रामाणिक कंपनीला मिळतील इमारतीमागे एखाद-दोन घरं, त्यांत एक माझं असेल. पण एर्लांगसाहेबांचं गणित इथे आमच्या बाजूचं आहे. त्या काचेवर गर्दी म्हणून नसेल, फांद्या सगळ्या रिकाम्या, आणि रात्री साडेनऊलासुद्धा आम्हाला पुरेपूर तीनशे मिळतील. फक्त ते कुणाला सांगायचे नाहीत.